एक नट, दोन रोहिले

जयपूरच्या रामनिवास बागेत 'रवींद्र मंच' नावाचे नाट्यगृह आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने निरनिराळ्या राज्यांच्या राजधान्यांत जी नाट्यगृहे बांधण्यात आली, त्यांपैकी हे एक. १९६३ साली ते खुले झाले. इमारतीत मुद्दाम पाहण्यासारखे फारसे काही आहे, असे आम्हांस वाटत नाही. तरीपण कचेरी सुटल्यावर आमची पावले पुष्कळदा त्या बाजूस वळतात, याचे कारण वेगळे आहे. ज्या नजीबखान रोहिल्याने लहानपणी आमची झोप उडविली होती, तो याच रंगमंचावर उभा राहावयास शिकला, हे आम्हांस येथे बदली होऊन आल्यावर कळले.

खरा नजीब १७७० सालीच मेला. आम्ही म्हणतो तो दूरदर्शनवरचा. १९९४ साली संजय खान यांची 'द ग्रेट मराठा' ही हिंदी मालिका दाखविली जाऊ लागली, त्या वेळी आम्ही पाटीवर बाराखडी गिरवीत होतो. महादजी शिंद्यांचे काम शाहबाज खान करीत. मालिका त्या काळच्या रीतीप्रमाणे दणदणीत होती. संवाद वरच्या पट्टीतले, संगीत त्याहून वरच्या. आमच्या घरी पानिपत हा शब्द एखाद्या आप्ताच्या मृत्यूसारखा उच्चारला जाई. नजीब पडद्यावर आला की आजी बोटे मोडीत असे, आणि वडील आम्हांस सांगत, "नीट बघून ठेव, याने आपला घात केला." आम्ही नीट बघून ठेवले. जड पापण्यांचे ते मोठे डोळे, त्यांत सदैव काहीतरी शिजत असलेले. नटाचे नाव काय, तो कोठला, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. नजीब हा नजीबच होता.

पुढे त्याच मालिकेत नजीबाचा नातू गुलाम कादर आला, आणि त्याचे काम करणारा नट तोच होता. एकाच घराण्याची माणसे म्हणून तोंडवळा जुळत असेल, अशी आम्ही बालबुद्धीने समजूत करून घेतली. तो नट इरफान खान. (नटाविषयी एकेरी बोलण्याची मोकळीक मराठी रसिक पूर्वीपासून घेत आला आहे, ती येथे आम्हीही घेत आहो, त्यात अनादर नाही.)

२०२० च्या एप्रिलात सारा देश घरात कोंडलेला असताना आम्हीही सरकारी निवासस्थानाच्या दोन खोल्यांत कोंडलो होतो. त्या महिन्याच्या २५ तारखेस इरफानच्या आई जयपुरात वारल्या. टाळेबंदीमुळे त्यास मुंबईहून येता आले नाही. मातेचे अंत्यदर्शन त्याने दूरध्वनीच्या पडद्यावर घेतले. चारच दिवसांनी, २९ तारखेस, तो स्वतः गेला. शेजारच्या बिऱ्हाडातील माणसे आपल्या गावचा मुलगा गेला अशा सुरात बोलत होती. सक्तीची रजा होतीच. आम्ही त्याची मिळतील तितकी जुनी कामे शोधून, भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर, रात्रीमागून रात्री पाहून काढली. दूरदर्शनही त्या दिवसांत जुन्या मालिका पुन्हा दाखवीत होते. चंद्रप्रकाश द्विवेदींची 'चाणक्य' ही त्यांतलीच. १९९१-९२ साली प्रथम दाखविलेल्या त्या मालिकेत मगधाचा सेनापती भद्रशाल झालेला इरफान आम्ही तेव्हाच प्रथम ओळखला. एका संध्याकाळी भद्रशाल, मध्यरात्री नजीब, आणि झोप येईना म्हणून त्यानंतर खुनी, असा तो क्रम होता.

खुनी, कारण 'डर' नावाच्या एका मालिकेत के. के. मेनन यांच्यासमोर त्याने मनोविकृतीपायी खुनांमागून खून करणाऱ्या माणसाचे काम केले होते. खऱ्या खटल्यांवर आधारलेल्या 'भंवर' या मालिकेतही काही भागांत तो दिसतो. ही कामे जुनी, आज फारशी कोणाच्या लक्षात नसलेली. पण एकाच रात्री रोहिला आणि खुनी असे लागोपाठ पाहिल्यामुळे आमच्या मनात एक खटका उडाला, आणि तो अद्याप बसलेला नाही. खुनी पाहत असताना आम्ही सारखे विचारीत होतो, की हा माणूस असा का झाला? नजीब पाहताना हा प्रश्न तीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

डोळे तेच होते. बोलण्याआधी थांबण्याची तीच ढब. आजच्या वेषातील खुन्याच्या अंगावर साधा सदरा. त्याला लपावयास जागाच नाही. नजीबाच्या अंगावर मात्र जरीचा झगा, दाढी आणि पागोटे, आणि या सर्वांच्या वर आमची दोनअडीचशे वर्षांची समजूत. इतके ओझे अंगावर असल्यावर नटाने आत काय केले ते दिसणार कसे? गुन्ह्याच्या मालिकेची रचनाच अशी असते की, तीत कोणीतरी एक तपास करणारा असतो आणि तो विचारतो, त्या रात्री हा कोठे होता, याचा लाभ काय, याला भय कोणाचे होते. ऐतिहासिक मालिकेत तपास करणारा नसतो. तेथे निकाल पहिल्या भागाच्या आधीच लागलेला असतो.

आम्ही कारकून माणसे. एखाद्या कनिष्ठ लिपिकाच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा मारावयाचा झाला, तरी तो त्यास कळवावा लागतो आणि त्याचे म्हणणे मागवावे लागते, हे वाचकांपैकी बहुतेकांस आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. नजीबाच्या अहवालात मराठी लेखणीने शेरा मारला, 'पानिपतचा शकुनी', आणि फाईल बंद केली. त्याचे म्हणणे मागविल्याची नोंद आम्हांस तरी शालेय पुस्तकांत आढळली नाही. तेव्हा टाळेबंदीच्या त्या रिकाम्या दिवसांत आम्हीच ते मागवावयाचे ठरविले. रियासतकार सरदेसाई, शेजवलकर आणि जदुनाथ सरकार यांचे ग्रंथ पुन्हा काढले. जदुनाथांनी नजीबाच्या कर्तृत्वाची मोकळ्या मनाने प्रशंसा केली आहे, हे कॉलेजात असताना आम्ही वाचले असणारच. पण त्या वयात डोळ्यांखालून गेलेले सर्वच मनात उतरते असे नाही.

नजीब युसुफझाई पठाण. १७४३ च्या सुमारास नशीब काढण्यासाठी तो रोहिलखंडात आला आणि अली महंमद रोहिल्याच्या पदरी साधा शिपाई म्हणून राहिला. दहा वर्षांत, बादशहा व त्याचा वजीर सफदरजंग यांच्या झगड्यात बादशहाची बाजू घेऊन, त्याने 'नजीबुद्दौला' ही पदवी मिळविली. गंगेपलीकडे नजीबाबाद वसविले, जवळच पत्थरगड बांधला. १७५७ साली अब्दालीने परत जाताना त्याला दिल्लीत मीरबक्षी नेमले. त्याच वर्षी रघुनाथराव आणि मल्हारराव दिल्लीवर आले, नजीब हाती सापडला, आणि मल्हाररावांस धर्मपिता म्हणवून सुटला. त्यास राखले नाही तर उद्या पेशवे आपणांस धोतरे बडवावयास लावतील, असा हिशेब मल्हाररावांनी पुढे दत्ताजींस सांगितल्याचे बखरकार लिहितात. हिशेब खरा असो वा बखरकाराने रचलेला असो, नजीबाच्या जिवंत राहण्यात आमच्यापैकी एकाचा हात होता, एवढे त्यातून दिसते.

१७५९ मध्ये दत्ताजी शिंदे गंगेकाठी शुक्रतालला येऊन बसले. गंगेवर पूल बांधून देण्याच्या बोलाचालीत नजीबाने महिने घालविले आणि तेवढ्यात अब्दाली येऊन पोहोचला. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. त्यापुढचे मराठी वाचकास सांगावयास नको. वर्षाने, १४ जानेवारीस, पानिपत झाले.

आता कारणे दाखवा म्हटले, तर नजीब काय दाखवील? तो म्हणेल, की मराठे गंगा उतरले असते तर मी उरलो असतो काय? माझी जहागीर अंतर्वेदीत, माझी माणसे रोहिलखंडात. मी कोणाकडे जावे? बोलाचालीत वेळ काढणे हे तुमच्या दरबारात मुत्सद्देगिरी आणि माझ्या दरबारात कपट, हे कसे? या उत्तराने दत्ताजींच्या मरणाचे दुःख कमी होत नाही. त्यांचे शिर कापले गेले तो प्रसंग वाचताना आमचे हात आजही थंड पडतात. पण शेरा मारणाऱ्याने उत्तर फाईलला लावले पाहिजे. पानिपतानंतर नऊ वर्षे, मरेपर्यंत, दिल्ली नजीबाने सांभाळली. सूरजमल जाटासारख्या प्रबळ शत्रूला तोंड दिले. त्याच्याशी झालेल्या लढाईत १७६३ च्या डिसेंबरात सूरजमल पडला. बादशहा अलाहाबादेस, अब्दाली काबूल-कंदाहारात, आणि लाल किल्ल्यात हा एक शिपाईगडी. दुसऱ्या एखाद्या घराण्यात जन्मता तर त्याच्यावर पोवाडे झाले असते.

इरफानच्या नजीबात हे सारे आहे असे आम्ही म्हणत नाही. लेखकाने त्यास दिलेले शब्द खलपुरुषाचेच आहेत. पण इतर पात्रे छाती पुढे काढून इतिहास बोलत असताना हा एकटा माणूस समोरच्याच्या मनात काय आहे याचा अदमास घेत ऐकत उभा असतो, असे आम्हांस वाटले. बालपणी ज्याला आम्ही कपट समजलो, ते बहुधा हेच ऐकणे असावे.

नातवाची गोष्ट निराळी, आणि येथेच एका नटाने दोन भूमिका करण्यातील मौज आहे. गुलाम कादरला राज्य करावयाचे नव्हतेच. त्याला वसूल करावयाचे होते. १७७२ साली बादशहा शहाआलम आणि मराठे यांनी पत्थरगड घेतला, त्याचा बाप झाबेताखान पळाला, कुटुंब हाती सापडले. पानिपतचा राग म्हणून आपल्या लोकांनी नजीबाची कबरही फोडली. पुढे झाबेताखानाच्या दुसऱ्या पराभवानंतर हा मुलगा काही काळ दिल्लीत बादशहाच्या नजरकैदेत होता. आजोबाची उखडलेली कबर आणि ती कैद, एवढी शिदोरी घेऊन तो वाढला. गुन्ह्याच्या मालिकेत अशा बालपणाला पहिल्या भागात अर्धा तास देतात.

१८ जुलै १७८८ रोजी तो दिल्लीत शिरला. ३० जुलैस त्याने शहाआलमला पदच्युत केले आणि १० ऑगस्टला त्याचे डोळे काढले. मग खजिन्याच्या शोधात महालाच्या फरशा उखडल्या, शहजाद्यांना मारहाण केली, जनान्याचे हाल केले. खजिना पुरेसा मिळालाच नाही. मराठे जमा होत आहेत हे ठाऊक असताना हा मनुष्य अडीच महिने किल्ल्यात जमीन खणीत राहिला. आजोबाने शुक्रतालला वेळ काढला तो कोणाची तरी वाट पाहत. नातवाने दिल्लीत वेळ घालविला तो कशाचीही वाट न पाहता. हे राजकारण नव्हे. ही दरवडेखोरी आहे, आणि तीही वेड लागलेल्या माणसाची. तेव्हा एकाच नटाने ऐतिहासिक मालिकेतील पुरुष आणि गुन्हेमालिकेतील खुनी रंगविण्याचा जो फरक आम्ही इतक्या रात्री शोधीत होतो, तो 'द ग्रेट मराठा' या एकाच मालिकेत, आजोबा आणि नातू यांच्यामध्ये, होता. पागोटे दोघांनाही होते, इतकेच.

या घटनेची एक बाजू कोणा नाटककाराने लिहिली असती तर आम्ही तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते. पानिपताहून जखमी पायाने निसटणाऱ्या महादजींस राणेखान नावाच्या एका भिस्त्याने वाचविले आणि आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. महादजींनी त्यास भाऊ मानले. तो राणेखानभाई झाला, सेनापती झाला. १७८८ च्या ऑक्टोबरात दिल्लीचा किल्ला सोडविणाऱ्या मराठी फौजेच्या अग्रभागी हाच राणेखान होता. गुलाम कादर मेरठेस पळाला, तेथेही वेढा पडला, रात्री घोड्यावरून निसटला, घोडा ठेचकाळला, आणि डिसेंबरात एका खेड्यात तो पकडला गेला. नजीबाने जिंकलेल्या रणातून ज्याने आपला धनी पाठीवर घालून आणला, त्याच्याच फौजेच्या हाती नजीबाचा नातू सापडला.

गुन्ह्याची मालिका येथे संपते; बेड्या पडल्या की नावांची यादी वर सरकू लागते. इतिहास येथे संपत नाही. १७८९ च्या मार्चमध्ये मथुरेजवळ गुलाम कादरला हालहाल करून मारण्यात आले. त्याचे डोळे आणि कान कापून आंधळ्या बादशहाकडे पाठविण्यात आले. बादशहाची तशी मागणी होती, महादजी प्रथम राजी नव्हते, इत्यादी स्पष्टीकरणे आहेत आणि ती खोटी नाहीत. पण हुकूम महादजींचा होता. लहानपणी या प्रसंगी आमच्या घरी टाळ्या पडल्या होत्या, आणि आम्हीही त्या वाजविल्या होत्या, हे आम्हांस स्वच्छ आठवते.

गुलाम कादरला दिल्ली उघडी सापडली ती कोणामुळे, हा प्रश्न आम्हांस जयपुरात राहिल्यामुळे सुचला. आमच्या कचेरीत लालसोटकडचे एक वयस्क सहकारी आहेत. मालिकेचे बोलणे निघाले असता ते शांतपणे म्हणाले, "तुमचे महादजी आमच्याकडे मार खाऊन गेले होते, ते त्या मालिकेत आहे का?" २८ जुलै १७८७ रोजी लालसोटजवळ तुंगा येथे जयपूर व जोधपूरच्या फौजांशी महादजींची लढाई झाली. खंडणीची बाकी वसूल करावयास महादजी आले होते. लढाई अनिर्णितच राहिली असे म्हणता येईल. पण पगार थकलेल्या त्यांच्या हिंदुस्थानी पलटणी फुटून गेल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. त्या माघारीमुळे दिल्लीवरचा त्यांचा ताबा ढिला पडला, आणि त्या फटीतून गुलाम कादर आत आला. जयपूरचे तेव्हाचे राजे प्रतापसिंग. पुढे १७९९ साली हवामहाल बांधविणारे ते हेच. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांस आम्ही हवामहाल दाखवितो, तेव्हा ही माहिती सहसा देत नाही.

सहकाऱ्यांनी पुढे आम्हांस त्रिपोलिया बाजाराजवळचा इसरलाट दाखविला. उंच, निमुळता मनोरा. लोक त्यास सरगासूलीही म्हणतात. सवाई जयसिंगांनंतर १७४३ साली गादीवर आलेल्या ईश्वरीसिंगांनी तो १७४९ मध्ये आपल्या विजयाच्या स्मरणार्थ बांधला. त्यांचा सावत्र भाऊ माधोसिंग गादीवर हक्क सांगत होता आणि दोघेही पाळीपाळीने मराठ्यांस पैसे कबूल करून बोलावीत होते. १७५० च्या डिसेंबरात बाकीच्या वसुलीसाठी मल्हारराव जयपूरवर चालून येत असल्याची वार्ता आली. खजिन्यात पैसा नव्हता. ईश्वरीसिंगांनी सर्पदंश करवून घेतला आणि विष घेतले. मल्हारराव शहराच्या दाराशी पोहोचले तेव्हा राजा मेलेला होता. पुढच्याच महिन्यात, १७५१ च्या जानेवारीत, शहर पाहावयास तटाच्या आत गेलेल्या मराठी माणसांवर जयपूरकर तुटून पडले आणि हजारो मारले गेले. त्यांत शिपाई होते तसे निव्वळ देवदर्शनास आणि बाजारहाटास गेलेले ब्राह्मण आणि कारकूनही होते. शेवटचा शब्द वाचताना आम्ही पुस्तक क्षणभर मिटले.

दहा वर्षांनी अब्दालीला पत्रे लिहिणाऱ्यांत हेच माधोसिंग होते. नजीबावरचा आमचा मुख्य आरोप परक्याला घरात बोलावल्याचा. जयपूरच्या दृष्टीने बोलाविलेले परके आम्ही होतो, आणि जाण्याचे नाव न घेणारे परकेही आम्हीच होतो. आमच्या सहकाऱ्यांच्या लहानपणी जर दूरदर्शनवर ईश्वरीसिंगांवर मालिका निघाली असती, तर त्यांच्या आजीने मल्हारराव पडद्यावर येताच बोटे मोडली असती. मल्हाररावांचे काम त्यातही इरफानलाच मिळाले असते, असे आम्हांस का कोण जाणे वाटते.

इरफानचे घराणे टोंक भागातील पठाणांचे. टोंक संस्थानचा संस्थापक अमीरखान हाही मूळ रोहिलखंडातला पठाण. यशवंतराव होळकरांचा जिवाभावाचा साथी, आणि १८१७ च्या तहाने इंग्रजांनी मान्य केलेला नवाब. म्हणजे होळकरांच्या संगतीत वाढलेल्या संस्थानाच्या परिसरातील एक पठाण मुलगा १९८४ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात जातो आणि दहा वर्षांनी पडद्यावर होळकरांचा मानलेला मुलगा होतो. स्वभावाने हा मुलगा रोहिला मुळीच नव्हता. तो मांस खात नसे, त्यामुळे पठाणाच्या घरी ब्राह्मण जन्मास आला अशी वडील थट्टा करीत, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. १९८८ च्या 'सलाम बॉम्बे' चित्रपटात दुसऱ्यांची पत्रे लिहून देणाऱ्या माणसाचे क्षणभराचे काम त्याच्या वाट्याला आले होते. कारकुनी पेशाचा मान म्हणून आम्ही ते दोनदा पाहिले.

पुढील चित्रपटांतील त्याची कामे सर्वश्रुत आहेत. आमच्या विषयापुरती तीनच पुरेत. 'मकबूल' हा मॅकबेथचा अवतार. ज्या नाटकाचा शिरवाडकरांनी 'राजमुकुट' केला तेच नाटक. मॅकबेथ हा अकराव्या शतकातला स्कॉटलंडचा खरा राजा, म्हणजे मूळ नाटक ऐतिहासिक. विशाल भारद्वाज यांनी २००३ साली त्यातला राजवाडा काढून मुंबईची गुन्हेगारी टोळी घातली. राजाचा अब्बाजी झाला, सरदाराचा मियाँ मकबूल. कथेत फारसे काही बदलावे लागले नाही. शेवटी इस्पितळात आपले मूल दुसऱ्यांच्या हातांत सुखरूप आहे असे दुरून पाहून मकबूल पिस्तूल टाकून बाहेर पडतो आणि गोळी खातो; त्या एका नजरेत पश्चात्ताप, थकवा आणि सुटका एकदम आहेत. तेथे त्यास कोणी रोहिला, राजा किंवा खुनी म्हणावे, आम्हांस फरक पडला नाही. २०१२ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'पानसिंग तोमर'मध्ये लष्करातील धावपटूचा चंबळेत दरवडेखोर झालेला माणूस स्वतःस 'बागी' म्हणवितो, डाकू म्हणू देत नाही. शब्दासाठी एवढा हट्ट का, हे ज्यांनी सनदा-फर्मानांत 'बंडखोर' आणि 'पुंड' हे शब्द पाहिले आहेत त्यांस कळेल. आणि २०१५ च्या 'तलवार'मध्ये तो स्वतःच तपास अधिकारी आहे. साक्षी घेताना मध्येच भ्रमणध्वनीवर सापाचा खेळ खेळत बसतो आणि त्याच वेळी समोरचा काय लपवितो आहे ते ऐकत असतो. हेच ते नजीबाचे ऐकणे. वीस वर्षांनी ते कायद्याच्या बाजूस आले होते.

मराठी रंगभूमीला हे अपरिचित आहे असे मात्र नाही. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ चे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. खाडिलकरांनी तो पराक्रमाच्या इतिहासातून उचलून न्यायासनासमोर आणला. रामशास्त्री राघोबादादास अटकेपर्यंत गेलेला वीर म्हणून पाहत नाहीत, आरोपी म्हणून पाहतात. पण तेथे न्यायाधीश, आरोपी आणि प्रेत तिन्ही आपलेच होते. ईश्वरीसिंगाच्या मृत्यूचा तपास करावयास आपल्याकडून कोणी रामशास्त्री आजवर जयपुरास आलेला नाही.

म्हणून यंदा येथील महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ईश्वरीसिंगाच्या शेवटच्या रात्रीवर एकांकिका करावी, असे आम्ही सुचविले. बैठकीत बरीच चर्चा झाली. उत्सवात आपलीच निंदा कशाला, असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. परगावी चार घरे एकत्र येतात ती सुखासाठी. दुसऱ्या एका बाईंनी विचारले, की मग मालिकेत नजीबाला पाहून आपण टाळ्या का वाजवीत होतो? निर्णय झाला नाही, पण संहिता लिहून आणावी असे ठरले. ती आम्ही हिंदी-मराठी मिश्र अशी लिहीत आहो. मल्हाररावांना दोन लांब स्वगते दिली आहेत, त्यांचा सर्व जमाखर्च त्यांत येईल अशी. ईश्वरीसिंगांचे काम लालसोटकडच्या आमच्या सहकाऱ्यांनी आपण होऊन पत्करले आहे, आणि संवाद हाती येण्यापूर्वीच ते कचेरीत मान ताठ ठेवून चालू लागले आहेत. मल्हाररावांचे काम करावयास मंडळातील कोणी अद्याप पुढे आलेले नाही.